क्लॅटसाठी इंग्रजी शब्दसंग्रह: वाचनापासून उजळणीपर्यंतचा नेमका क्रम

बारावीसोबत क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी करणाऱ्या, विशेषतः मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या शब्दांच्या वह्या पाहिल्या की एकच चित्र दिसते. डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द असतो, उजव्या रकान्यात एक मराठी शब्द असतो आणि अशी पानेच्या पाने भरलेली असतात. विचारले तर अर्थ घडाघडा सांगता येतात, पण तोच शब्द उताऱ्यात आला की पर्याय चुकतो. या मुलांचे कष्ट कमी पडलेले नसतात. चुकलेला असतो तो क्रम: आधी यादी, मग पाठांतर आणि वाचन मात्र वेळ उरला तर. हा लेख तो क्रम सुलटा करण्यासाठी आहे.

परीक्षेचे स्वरूप आधी नीट लक्षात घ्या, कारण पुढचे सारे त्यावरच ठरते. क्लॅटच्या पदवी प्रवेशपरीक्षेत १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला ०.२५ गुण वजा होतो. इंग्रजीचे प्रश्न साधारण २२ ते २६ असतात आणि ते सुमारे ४५० शब्दांच्या उताऱ्यांवर बेतलेले असतात. ‘या शब्दाचा समानार्थी शब्द कोणता’ असा सुटा प्रश्न येत नाही, तर उताऱ्यातल्या त्या ठिकाणी शब्द कोणत्या अर्थाने आला आहे, हे विचारले जाते. शिवाय कायदा, सामान्यज्ञान आणि तर्क हे विभागही उताऱ्यांवरच आधारलेले असल्यामुळे शब्दसंग्रहाची उणीव फक्त इंग्रजीच्या विभागात भोवत नाही. ती जवळजवळ संपूर्ण प्रश्नपत्रिकेत भोवते.

## पूर्वतयारी: काय जमवावे आणि काय बाजूला ठेवावे

परीक्षा अलीकडे डिसेंबरच्या सुरुवातीला होते. जूनमध्ये आरंभ केला तर हाती सुमारे २५ आठवडे येतात. आठवड्यातून पाच दिवस, रोज आठ नवे शब्द असे धरले तर २० आठवड्यांत ८०० शब्द होतात आणि शेवटचे पाच आठवडे केवळ उजळणीसाठी मोकळे राहतात. ८०० हा आकडा लहान वाटेल, पण पक्के झालेले ८०० शब्द वरवर पाहिलेल्या ५,००० शब्दांपेक्षा उताऱ्यात कितीतरी जास्त उपयोगी पडतात.

लागणारे साहित्य थोडकेच आहे. जाड कागदाची पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची कार्डे, पाच कप्पे करता येतील असा एखादा खोका आणि इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, ज्याला लर्नर्स डिक्शनरी म्हणतात. हा कोश मुद्दाम सांगतो आहे, कारण त्यात प्रत्येक अर्थ मोजक्या सोप्या शब्दांत दिलेला असतो आणि सोबत उदाहरणादाखल वाक्य असते. कायद्याच्या संज्ञांसाठी महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ ठेवावा. कागदाऐवजी मोबाइलवर काम करायचे असेल तर अँकी हे कार्डांचे सॉफ्टवेअर संगणकावर आणि अँड्रॉइडवर विनामूल्य मिळते.

सावधान: दुसऱ्याने तयार केलेली हजारो शब्दांची आयती कार्डे उतरवून घेऊ नका. कार्ड तयार करताना जे वाचन आणि जो विचार होतो, त्यातच शिकणे निम्मे होऊन जाते.

## टप्पा १: आपली पातळी मोजणे

एखाद्या इंग्रजी दैनिकाच्या अग्रलेखातला किंवा दीर्घ लेखातला साधारण ४५० शब्दांचा भाग घ्या. कोश न उघडता तो एकदा वाचा आणि ज्या शब्दाचा अर्थ खात्रीने सांगता येत नाही त्याखाली रेघ ओढा. ‘साधारण कळतंय’ असे वाटणारा शब्दही अनोळखीच धरा.

कोणाच्याही मदतीशिवाय मजकूर नीट समजण्यासाठी त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असे भाषाशिक्षणाचे अभ्यासक मानतात. ४५० शब्दांच्या उताऱ्यात याचा अर्थ अनोळखी शब्द नऊच्या आत हवेत. तुमच्या रेघा नऊच्या आसपास असतील तर हाच मजकूर तुमच्या सरावाचा आहे. त्या बावीस-तेवीसच्या पुढे गेल्या असतील, म्हणजे शंभरात पाचाहून अधिक शब्द अडत असतील, तर पहिले सहा आठवडे सोप्या मजकुरावर काढावेत. अकरावी-बारावीची इंग्रजी माध्यमाची राज्यशास्त्राची, इतिहासाची आणि समाजशास्त्राची पाठ्यपुस्तके त्यासाठी फार चांगली आहेत. यात कमीपणा काहीच नाही. आवाक्याबाहेरचा मजकूर रोज वाचल्याने शब्द वाढत नाहीत, केवळ थकवा येतो.

याच सहा आठवड्यांत पायाभूत शब्दांची एक यादी मात्र जरूर तपासावी. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्टमध्ये ५७० शब्दकुले, म्हणजे एका मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट, आहेत आणि अभ्यासविषयक लेखनात ती वारंवार येतात. ही यादी पाठ करायची नाही. ती वाचत जायचे आणि जे शब्द अडतील तेवढ्यांचीच कार्डे करायची.

## टप्पा २: वाचताना शब्द हेरणे

रोज एक उतारा, दोन वाचने. पहिले वाचन सलग, न थांबता करा आणि शेवटी लेखकाचे म्हणणे मराठीत दोन वाक्यांत सांगून पाहा. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन शब्द निवडा. पहिल्या वाचनातच दर ओळीला थांबून कोश उघडणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे, कारण त्यामुळे उताऱ्याचा धागा तुटतो आणि धाग्यावाचून शब्दाचा नेमका अर्थ ठरत नाही.

प्रत्येक अनोळखी शब्द टिपायचा नसतो. पुढीलपैकी एक तरी गोष्ट खरी असेल तरच तो घ्या: त्या शब्दावाचून वाक्याचा अर्थ अडतो, तो शब्द गेल्या काही दिवसांत दुसऱ्यांदा भेटला आहे, किंवा तो लेखकाचा सूर दाखवतो, म्हणजे स्तुती, शंका, निषेध, सावध पाठिंबा वगैरे. पक्ष्यांची, कापडांची, जहाजाच्या भागांची नावे सोडून द्या.

कायद्याच्या भाषेसाठी एक साधन आपल्याकडे घरचेच आहे आणि मुले ते वापरत नाहीत, याचे वाईट वाटते. भारताचे संविधान इंग्रजीत आणि मराठीत, दोन्हींत अधिकृतपणे उपलब्ध आहे. मूलभूत हक्कांचा तिसरा भाग घेऊन आठवड्याला दोन-तीन अनुच्छेद समोरासमोर ठेवून वाचा. चौदाव्या अनुच्छेदातील ‘कायद्यापुढे समानता’ आणि ‘कायद्याचे समान संरक्षण’ ही दोन पदे इंग्रजीत कशी आली आहेत, हे स्वतः शोधले की ती विसरली जात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचे काही निवाडे मराठी अनुवादासह न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यांतले निवडक परिच्छेदही असेच वाचता येतात.

## टप्पा ३: आधी अंदाज, मग कोश

शब्द निवडल्यावर कोश उघडण्यापूर्वी समासात पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा: तो नाम आहे, क्रियापद आहे की विशेषण, त्याचा रंग अनुकूल आहे की प्रतिकूल, आणि तुमच्या मते अर्थ काय. मगच कोश पाहा. परीक्षेत कोश नसतो, हा अंदाजच असतो, म्हणून त्याची सवय रोज व्हायला हवी.

कोशात पहिला अर्थ वाचून पान मिटू नका. सगळे अर्थ वाचा आणि तुमच्या वाक्यात ठेवून कोणता बसतो ते पाहा. ‘क्वालिफाइड’ हा शब्द ‘पात्र’ म्हणून सर्वांना ठाऊक असतो, पण ‘समितीने विधेयकाला क्वालिफाइड सपोर्ट दिला’ अशा अर्थाचे वाक्य आले तर तिथे तो पाठिंबा सशर्त, हातचे राखून दिलेला असतो. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख आणि ‘ओव्हरसाइट’ म्हणजेच नजरचूक. दोन्ही अर्थ एकाच प्रश्नाच्या पर्यायांत दिले, तर उत्तर केवळ संदर्भावरून ठरते.

तपासणी: आठवडाअखेर समासातले अंदाज मोजा. निम्म्याहून अधिक अंदाज दिशेने तरी बरोबर आले असतील तर वाचन योग्य पातळीवर चालले आहे. तेवढे आले नसतील तर शब्दांची संख्या वाढवू नका, मजकूर सोपा करा.

## टप्पा ४: मराठीत मुरलेल्या इंग्रजी शब्दांची वेगळी यादी

या टप्प्यावर मी मुद्दाम जास्त थांबतो, कारण मराठी बोलणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत कठीण शब्दांत होत नाही. ती ओळखीच्या शब्दांत होते. जो शब्द आपण घरात मराठीसारखा वापरतो, त्याखाली रेघ ओढावी असे कुणालाच वाटत नाही.

एका विद्यार्थिनीच्या वहीत ‘सँक्शन: मंजुरी’ अशी नोंद होती. ती चूक नव्हती. ‘लोन सँक्शन झाले’ हे आपण रोज ऐकतो. पण उतारा एका देशावर लादलेल्या आर्थिक निर्बंधांचा होता, आणि तिने ‘मान्यता’ हा पर्याय निवडला, म्हणजे नेमका उलटा. आम्ही दोघांनी बसून जी खूण शोधली, ती अशी: शेजारी ‘इम्पोज’ हे क्रियापद किंवा ‘अगेन्स्ट’ हा शब्द असेल तर अर्थ निर्बंध किंवा दंड असतो, शेजारी ‘ग्रँट’ किंवा ‘प्रायर’ असेल तर मंजुरी असते. सरकारी कर्मचाऱ्यावर खटला चालवण्यासाठी लागणारी पूर्वपरवानगी हीदेखील ‘सँक्शन’च. तिच्या कार्डावर आता दोन्ही वाक्ये आहेत.

असेच आणखी काही शब्द:

- इश्यू: आपल्याकडे ‘मोठा इश्यू झाला’ म्हणजे भानगड झाली. निवाड्यात तो निर्णयासाठी न्यायालयापुढे असलेला मुद्दा असतो, आणि वारसाहक्काच्या उताऱ्यात ‘विदाउट इश्यू’ म्हणजे अपत्याविना.
- आर्ग्युमेंट: बोलण्यात भांडण, तर्काच्या विभागात मात्र कारणे आणि त्यांतून काढलेला निष्कर्ष यांची मांडणी.
- मटेरियल: आपल्याला कापड किंवा बांधकामाचे सामान आठवते. ‘मटेरियल फॅक्ट’ म्हणजे निकालावर परिणाम करू शकणारी महत्त्वाची वस्तुस्थिती.
- कंडेम: ‘एसटीची गाडी कंडम झाली’ यातला हाच शब्द. उताऱ्यात तो बहुधा तीव्र निषेध करणे या अर्थाने येतो.
- एन्जॉय: एखादी संस्था संरक्षण ‘एन्जॉय’ करते, तेव्हा तिथे मौजमजा नसते, ते संरक्षण तिला लाभलेले असते.
- रिलीफ: हायसे वाटणे नव्हे, तर न्यायालयाकडे मागितलेली दाद.
- कन्सिडरेशन: करार कायद्यात विचार नव्हे, मोबदला.

या शब्दांसाठी वहीची शेवटची दहा पाने राखून ठेवा. वाचताना मराठीत वापरला जाणारा एखादा इंग्रजी शब्द वाक्यात नीट बसत नाही असे वाटले, की लगेच तो तिथे नोंदवा.

सावधान: लिपीही फसवते. ‘टेम्पर’ आणि ‘टॅम्पर’ हे दोन निराळे शब्द आपण मराठीत अनेकदा एकसारखेच लिहितो. पहिल्याचा क्रियापद म्हणून अर्थ कठोरपणा सौम्य करणे, दुसऱ्याचा पुराव्यात किंवा कागदपत्रांत ढवळाढवळ करणे. म्हणून कार्डावर इंग्रजी शब्द इंग्रजी अक्षरांतच, स्पेलिंग तपासून लिहावा.

## टप्पा ५: कार्ड तयार करणे

कार्डाच्या पुढच्या बाजूला सुटा शब्द लिहू नका. जिथे शब्द भेटला ते वाक्य लिहा आणि शब्दाच्या जागी रिकामी रेघ ठेवून पहिले अक्षर द्या. मागच्या बाजूला शब्द, त्या वाक्यातला अर्थ सोप्या इंग्रजीत, त्याखाली लागला तर मराठी अर्थ आणि शेवटी त्याच्यासोबत येणारे एक-दोन शब्द. ‘टेम्पर’चे कार्ड करायचे तर पुढे ‘न्यायाला दयेची जोड देऊन तो सौम्य करावा’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य ‘टी’ आणि रिकाम्या रेघेसह असेल. मागे शब्द, अर्थ, ‘टेम्पर … विथ’ ही जोडी आणि ‘इथे राग नव्हे’ एवढी सूचना. एका कार्डावर एकच अर्थ ठेवा. दुसरा अर्थ भेटेल तेव्हा दुसरे कार्ड करा.

सोबत येणारे शब्द का लिहायचे, ते ‘रद्द करणे’ या एका मराठी क्रियापदावरून कळेल. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले, तिथे इंग्रजीत ‘स्ट्राइक डाउन’ येते, कारण न्यायालयाने तरतूद घटनाबाह्य ठरवली. २०२१ साली संसदेने तीन कृषी कायदे रद्द केले, तिथे ‘रिपील’ येते, कारण कायदा करणाऱ्यानेच तो मागे घेतला. आणीबाणीच्या काळात १९७६ साली एडीएम जबलपूर खटल्यात दिलेला निकाल २०१७ च्या खासगीपणाच्या हक्काच्या निवाड्यात रद्द ठरवला गेला, तिथे ‘ओव्हररूल’ येते. उच्च न्यायालय एफआयआर रद्द करते तेव्हा ‘क्वॉश’, परवाना रद्द होतो तेव्हा ‘रिव्होक’, विवाह रद्दबातल ठरतो तेव्हा ‘अनल’. आपली वर्तमानपत्रे या सगळ्याला ‘रद्द’ म्हणतात आणि ते मराठीत बरोबरच आहे. पण ज्याच्या वहीत या सहाही शब्दांपुढे ‘रद्द करणे’ एवढेच लिहिलेले असेल, त्याला उताऱ्यात कोणी, काय आणि कोणत्या अधिकाराने रद्द केले हे उमगणार नाही, आणि कायद्याच्या विभागातला प्रश्न बहुधा तेच विचारतो.

सावधान: दिसायला किंवा अर्थाने जवळचे शब्द एकाच दिवशी शिकू नका. ‘प्रिस्क्राइब’ म्हणजे नियम म्हणून ठरवून देणे आणि ‘प्रोस्क्राइब’ म्हणजे बंदी घालणे. दोन्ही एकाच बैठकीत घेतले तर आयुष्यभर एकमेकांत मिसळतात. एक पक्का झाल्यावर दहा-बारा दिवसांनी दुसरा घ्या. वर दिलेले ‘रद्द’चे सहा शब्दही असेच सुटे सुटे शिका आणि शेवटी एकत्र ताडून पाहा. समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या पाठ करण्याची पद्धत मला याच कारणासाठी घातक वाटते.

## टप्पा ६: कप्प्यांची उजळणी

खोक्याचे पाच कप्पे करा. पहिल्या कप्प्यातली कार्डे रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने, चौथ्यातली पंधरा दिवसांनी आणि पाचव्यातली महिन्याने पाहायची. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात जाते. उत्तर बरोबर आले की ते पुढच्या कप्प्यात सरकते. चुकले तर कोणत्याही कप्प्यातून थेट पहिल्यात परत येते.

उत्तर मोठ्याने म्हणा किंवा लिहा, मगच कार्ड उलटा. पुष्कळ विद्यार्थी कार्ड उलटतात, शब्द पाहतात आणि ‘हो, हे मला येत होते’ म्हणून पुढे जातात. पाहून ओळखणे आणि न पाहता आठवणे यांत फार अंतर आहे, आणि उजळणीचा सारा फायदा आठवण्याच्या त्या प्रयत्नातच आहे. उजळणी नव्या शब्दांच्या आधी करावी. एखाद्या दिवशी प्रॅक्टिकलमुळे किंवा चाचणीमुळे वेळ मिळाला नाही, तर नवे शब्द सोडा, उजळणी सोडू नका.

तपासणी: पहिल्या कप्प्यात चाळीसच्या वर कार्डे साचली तर आठवडाभर नवे शब्द थांबवा. एखादे कार्ड चार वेळा परत आले तर दोष स्मरणशक्तीचा नसतो. कार्ड वाईट लिहिलेले असते. वाक्य बदलून ते नव्याने तयार करा.

## टप्पा ७: शब्दकुल आणि धातू

शब्द पक्का झाला की त्याचे कूळ जोडा. लॅटिनमधील ‘बोलणे’ या अर्थाच्या ‘डिक्ट’पासून व्हर्डिक्ट, कॉन्ट्राडिक्ट, जुरिस्डिक्शन हे शब्द आले आहेत. ‘ज्युर’पासून ज्युरिस्ट, पर्जुरी येतात. हे पाहिल्याने शब्द स्मरणात पक्का बसतो. मात्र मुळावरून अर्थ ठरवण्याच्या फंदात पडू नका. आहार, विहार, प्रहार, संहार हे सारे एकाच धातूचे आहेत, पण कोणी धातूवरून ‘विहार’चा अर्थ काढू शकेल का? इंग्रजीतही तसेच आहे: ‘इन’ हा उपसर्ग बहुधा नकार दाखवतो, तरी ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे अमूल्य आणि ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे ज्वलनशीलच.

उच्चारही एकदा ऐकून घ्या. ‘आरोप ठेवणे’ या अर्थाचा शब्द स्पेलिंगप्रमाणे ‘इंडिक्ट’ वाचणारा विद्यार्थी बातम्यांत ‘इंडाइट’ ऐकतो आणि ते दोन वेगळे शब्द समजतो.

## टप्पा ८: शेवटचे पाच आठवडे

नवी कार्डे पूर्ण बंद करा. रोज दोन उतारे घड्याळ लावून सोडवा. एका उताऱ्याचे वाचन पाच ते सात मिनिटांत व्हायला हवे. शब्दावरच्या प्रत्येक प्रश्नात पर्याय वाचण्यापूर्वी वाक्यात स्वतःचा एखादा सोपा शब्द बसवून पाहा आणि मग त्याच्या सर्वांत जवळचा पर्याय शोधा. थेट पर्यायांकडे गेलेला डोळा ओळखीच्या अर्थावर जाऊन थांबतो, आणि प्रश्न तयार करणाऱ्याने तो पर्याय बहुधा त्यासाठीच ठेवलेला असतो. निवडलेला पर्याय मूळ वाक्यात ठेवून पूर्ण वाक्य पुन्हा वाचा. व्याकरणाने बसतो का आणि लेखकाच्या सुराशी जुळतो का, या दोन्ही कसोट्या लावा.

उत्तर खात्रीने येत नसेल तर हिशेब साधा आहे. चारपैकी दोन पर्याय नक्की चूक ठरवता आले, तर उरलेल्या दोनांतून निवडताना सरासरीने ०.३७५ गुणाचा फायदा असतो, म्हणून तो प्रश्न सोडू नये. एकही पर्याय बाद करता येत नसेल तर फायदा नगण्य असतो, तेव्हा वेळ न घालवता पुढे जा. महाराष्ट्राची पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी देणार असाल, तर तिथे चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत; तिथे एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

परीक्षेच्या आदल्या दिवशी फक्त दोन गोष्टी उघडा: वहीची ती शेवटची दहा पाने आणि पहिल्या कप्प्यात उरलेली कार्डे.